दसऱ्याची वाफ

स्पिरिटची बाटली मी वाटेत द्वारका चौकातच घेतली. रिक्षा गर्दीत अडकली होती आणि समोर रंगाचं दुकान दिसलं. दुकानदारानं विचारलं, "पॉलिशला पाहिजे का, ताई?" मी हो म्हटलं. एवढ्याशा इंजिनाला पाहिजे, असं भर चौकात कुणाला सांगणार. बाटली पिशवीत साड्यांच्या घड्यांमध्ये उभी केली आणि सातपूर येईपर्यंत तिच्या बुचावर हात धरून बसले. सांडेल की काय, गळेल की काय. माझं असंच असतं. कोइमतूरहून गाडीत बसल्यापासून घरच्या दारात उतरेपर्यंत मी पिशव्याच मोजत होते.

दिवाळीनंतर सातपूरच्या कामगार वसाहतीतली आमची घरांची रांग पाडणार आहेत. तिथं उंच इमारत होणार, मिलिंदला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, वरच्या मजल्यावर जागा मिळणार. चांगलंच आहे. पण घरामागची पत्र्याची खोली जाणार. त्या खोलीत दादांनी, माझ्या वडिलांनी, आणि मी मिळून वाफेचं एक लहानसं इंजिन केलं होतं. ती खोली उभी आहे तोवर, दसऱ्याच्या दुपारी, दादांच्या शेजारी बसून ते इंजिन एकदा वाफेवर फिरताना बघायचं, एवढ्यासाठी मी आले होते. त्याहून जास्त काही मागायला आले नव्हते. मागायची मला सवयही नाही.

इंजिन म्हणजे काय, तर पोळपाटाएवढी सागवानी फळी. तिच्यावर तांब्याचा आडवा बॉयलर, तळहातावर मावेल असा. त्याच्याखाली स्पिरिटचा दिवा. बाजूला अंगठ्याएवढा पितळेचा सिलिंडर, आतल्या दट्ट्याबरोबर स्वतःही डोलणारा. आणि एक जड चाक. पाणी उकळलं की वाफ दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरतं. उपयोग शून्य. त्याच्यावर गिरणी चालत नाही की पाणी उपसलं जात नाही. आई दारात परात घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "पाणी तापवायला एवढी यातायात? माझ्या स्टोव्हवर दोन मिनिटांत तापतं."

"तुझ्या स्टोव्हवर चाक फिरतं का?" दादा विचारायचे.

"डोकं फिरतं माझं, ते पुरे झालं."

दादा कंपनीत टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. त्यांचे वडील मनमाडला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. दादांच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टींना वाफेचा वास होता. घरी येणारा बाप आधी वासानं यायचा, मग दिसायचा, असं ते सांगत. ती इंजिनं गेली, तो बापही गेला. दादांनी कुठल्याशा बंद पडलेल्या वर्कशॉपमधून एक जुना लेथ आणला, मागच्या खोलीत बसवला, आणि कंपनीतून आल्यावर लोकांची बारीकसारीक कामं करू लागले. त्याच सुमारास माझी शाळा सुटली. नववीत. ती कशी सुटली हे उगाळण्यात अर्थ नाही, वसाहतीतल्या पुष्कळ मुलींची तशीच सुटली. सकाळी मिलिंदचा डबा भरायचा, त्याच्या बुटांना पॉलिश करायचं, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभं राहायचं. मग घर एकदम रिकामं वाटायचं. त्या रिकामपणाला मी इतकी घाबरायचे की मागच्या खोलीत जाऊन नुसती स्टुलावर बसायचे. एके दिवशी कंपनीतून आल्यावर दादा म्हणाले, "बसलीच हायस तर हे धर."

त्या 'धर'पासून सुरुवात झाली.

थंडीत ती खोली बर्फासारखी व्हायची. सातपूरची थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना सांगायला नको. लोखंडाला हात लावला की बोटं चिकटतात असं वाटायचं. दादा लेथचा दिवा खाली ओढून माझ्या हातांवर धरायचे. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, मग गोणपाट ओलं करून खिडकीला टांगायचं, आणि त्या ओल्या तागाचा, तेलाचा आणि गरम पितळेचा मिळून एक वास व्हायचा. पितळ तापलं की नाणं जिभेवर ठेवल्यासारखी चव तोंडात येते. अजून येते. द्राक्षांचा हंगाम संपला की बाजारातून पेट्यांमधला मऊ कागद आणायचा. इंजिनाचा एकेक भाग झाला की आम्ही तो त्या कागदात गुंडाळून ठेवायचो. दट्ट्या, पिन, चाकाचा आस. कागदाला द्राक्षांचा आंबूस वास असायचा, आणि कितीतरी वर्षं माझ्या मनात दट्ट्या म्हटलं की द्राक्ष यायचं.

घाई दादांना खपायची नाही. मी विचारायचे, "कधी होणार हे?" ते म्हणायचे, "घाई कुठं हाय? मनमाडची पाशिंजर वढायची हाय का याला?"

पहिला बॉयलर आमचा फसला. भांड्यांना डाग देतात तसा कथलाचा डाग देऊन टाकला होता. पाणी भरलं, दिवा लावला, आणि चाक पहिल्यांदा फिरलं. आम्ही दोघं असे बघत बसलो की आतलं पाणी संपत आलंय हेच विसरलो. तांबं तापलं, कथील वितळलं, बॉयलरची एक बाजू साबणासारखी घसरली आणि चाक थांबलं. मला रडू फुटलं. दादा हसत होते. "बघायचं कुणी आन् पाणी सांभाळायचं कुणी, हे ठरवायचं राहिलं आपलं," म्हणाले. मग सराफ बाजारातून सांधे जोडायची चांदीची झाळ आणली, कथलासारखी लवकर न वितळणारी, बॉयलर पुन्हा केला, आणि कामं वाटून घेतली. दिवा आणि पाणी माझ्याकडे. चाकाला पहिला हात द्यायचा दादांनी. त्या इंजिनाला आपणहून सुरू होता यायचं नाही, वाफ भरली तरी चाकाला कुणीतरी जरासं ढकलावं लागायचं. म्हणजे माणसं दोन लागायची. एकट्यानं ते कधीच चालवलं नाही. एकट्यानं चालवायचं नाही, असं दादांनी सांगून ठेवलं होतं.

आणि एक गोष्ट शिकवली. धातूला भोक पाडलं की भोकाच्या काठाला बारीक धार राहते, दिसत नाही, पण बोट कापते. ती काढण्याला ते कड मारणं म्हणायचे. जाड ड्रिल नुसतं हातात धरून भोकावर टेकवायचे आणि मनगटानं दोन वळसे द्यायचे, शेवटी एक उलटा. तो उलटा वळसा त्यांचाच. त्यानं काठ नुसता बोथट होत नाही, गुळगुळीत होतो, रेशमासारखा. मग माझं बोट धरून काठावरून फिरवायचे.

"लागतंय?"

"नाही."

"मग झालं. भोक पाडून तसंच निघून जायचं नाय. मागनं कुणाचा तरी हात फिरणार हाय त्याच्यावर."

दसऱ्याला वसाहतीत घरोघरी, कंपन्यांच्या फाटकांवर, रिक्षांवर, शिवणयंत्रांवर झेंडू चढायचा. आमच्याकडे दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना व्हायची, घरी खीर असायची. लेथला हळद नाही, कुंकू नाही, हार नाही. पण आदल्या संध्याकाळी दादा तो पुसून लख्ख करायचे, तेल द्यायचे, आणि त्याच्यावर धुतलेलं पांढरं फडकं घालायचे. त्या दिवशी त्याला सुट्टी. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय हो, मशिनला साधा हारसुद्धा नाही?" दादा म्हणायचे, "त्याला हार नको, तेल पाहिजे. ते रोज घालतो." आणि दुपारी, सगळी मशिनं बंद, सगळी वसाहत जेवून सुस्तावलेली, अशा वेळी आम्ही ते इंजिन पेटवायचो. वर्षातून तेवढं एकदाच. स्पिरिटची निळी ज्योत उजेडात दिसायचीसुद्धा नाही, नुसती हवा थरथरायची. मग बॉयलरच्या पोटात कुजबुज सुरू व्हायची. मग मी म्हणायचे, "भरली." मग दादा चाकाला बोट लावायचे. टिकटिक, टिकटिक, आणि मग ती टिकटिक एकमेकीत मिसळून जायची. आईसुद्धा परात खाली ठेवायची.

फळीवर पितळेची पट्टी आहे, तिच्यावर मिलिंदचं नाव कोरलेलं आहे. त्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि प्रदर्शनात शाळेत असलेल्याचंच नाव लागतं, हे उघड आहे. दिवा मीच पेटवला त्या दिवशी. परीक्षकांनी मिलिंदला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, बहीण, मदतीला आली आहे. काही खोटं नव्हतं त्यात. बक्षीस मिळालं, पट्टी आली, दादांनी ती स्क्रूनं बसवली. स्क्रूच्या भोकांनाही कड मारली. मी तेव्हा काही बोलले नाही. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला तेव्हाही नाही. मला कधी कुणी वाईट वागवलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट वागवलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. निदान कशाला तरी नाव देता आलं असतं.

लग्न होऊन मी कोइमतूरला गेले. नवरा पंपाच्या कारखान्यात होता. भाषा कळेना, जेवण जाईना, बाजारात गेलं तरी हरवण्याची भीती. पुढे त्याच कारखान्यात बायका घेत होत्या म्हणून मीही जाऊन उभी राहिले. शिक्षण विचारलं, नववी म्हटलं. तिथल्या मॅडमनी कागद बाजूला सारला आणि पंपाचा एक भाग माझ्यासमोर ठेवला. बघ, म्हणाल्या खुणेनं. मी बघितलं नाही, बोट फिरवलं. आतल्या एका भोकाचा काठ तसाच राहिला होता. मी तो त्यांना दाखवला. त्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. तेव्हापासून मी तपासणीच्या टेबलावर आहे. दिवसभर काठांवरून बोट फिरवायचं आणि लागतं की नाही ते सांगायचं. माझ्या दोन्ही मुली त्या बोटावर शिकल्या. ही भाकरी मला दादांनी दिली, शाळेनं नाही. हे आठवलं की मी हात जोडते. आणि मग आठवतं की शाळाही मिळाली असती तर काय बिघडलं असतं. दोन्ही एकदमच आठवतं. काय करणार.

दसऱ्याला सुट्टी कमी, तिकीट महाग, मुलींच्या परीक्षा. जमायचं नाही. फोन मात्र चुकला नाही. "दादा, पेटवलं का?" "पेटवलं की." दर वर्षी हेच. पुढे कधीतरी ते म्हणायला लागले, "फिरवलं की." माझ्या लक्षातही आलं नाही. मला चाक फिरल्याशी मतलब.

रिक्षातून उतरले तेव्हा पुढच्या खोलीत शोकेसमध्ये ते फिरतच होतं.

मिलिंदची मुलगी सांची उड्या मारत आली. "आत्या, आत्या, हे बघ. बटन दाबलं की चालू, दाबलं की बंद." चाकामागे काड्यापेटीएवढी मोटर बसवली होती. बॉयलरखाली, दिव्याच्या जागी, लाल बल्ब लुकलुकत होता. पितळेला चकचकीत सोनेरी रंग मारलेला. चाक एकसारखं फिरत होतं, एकाच गतीनं. थांबायची त्याला गरजच नव्हती. दादा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, इंजिनाकडे नाही. हातांना कंप आलेला, ते दोन्ही मांड्यांखाली दाबून ठेवलेले.

"छान दिसतंय," मी म्हटलं. काय म्हणणार.

रात्री जेवताना मी मिलिंदला म्हटलं, "उद्या मोटर काढून देशील? मी स्पिरिट आणलंय. एकदा वाफेवर चालवू."

तो घास हातात धरून थांबला. "काढतो की, दोन स्क्रू तर आहेत. पण ताई, आता ते चालणार नाही बहुतेक. आधी दादांना विचार."

"दादांना काय विचारायचं? त्यांनीच तर केलंय."

दादा ताटाकडे बघत होते. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहारात जाऊन आलो. खीर मी केली, आईसारखी झाली नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी खीर करताना मी तिची बोलणी खाते. मिलिंदनं मोटर, बल्ब, वायर काढून इंजिन माझ्या हातात दिलं. वजन तेच होतं. हातानं ते ओळखलं आणि मला एकदम बरं वाटलं. मी ते मागच्या खोलीत नेलं.

लेथ भंगारात गेला होता. जमिनीवर त्याच्या पायांचे ठसे आणि मध्ये तेलाचा काळा चौकोन. झाळकामाचा गॅस नाही, पकडी नाहीत, खिडकीला गोणपाट नाही. पण पत्रा तोच आणि वरच्या झाडाची वाळली पानं, काड्या त्याच्यावर पडल्याचा आवाज तोच. दादांना मी हात धरून आणलं, स्टुलावर बसवलं. त्यांनी खिशातून पांढरं फडकं काढलं. धुतलेलं, घडी घातलेलं. लेथ नाही तर ते कशावर घालायचं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून मांडीवरच ठेवलं. मिलिंद दाराच्या चौकटीत उभा राहिला, जिथं आई उभी राहायची.

मी जमिनीवर मांडी घातली, इंजिन मांडीवर घेतलं, वरचं बूच उघडलं आणि पाणी ओतायला लागले. हळूहळू, शिकवल्यासारखं. पांढऱ्या साडीवर थेंब पडले. मला वाटलं माझाच हात हलला. मग मांडी ओली झाली. मी ओतत होते आणि पाणी खालून सरळ माझ्या अंगावर येत होतं.

मी इंजिन उलटं केलं. बॉयलरच्या बुडाला भोक होतं. वायर दिसू नये म्हणून ती तिथून आत घेतली होती, पोटातून चाकाकडे.

मी मिलिंदकडे बघितलं. तोंडात सगळं तयार होतं. पट्टीवरचं नाव, मदतीला आलेली बहीण, डबे, बुटांचं पॉलिश, त्याचं कॉलेज, माझं कोइमतूर. इतकी वर्षं घड्या घालून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर येणार होतं. बॉयलर फोडलास तू. विचारलंस तरी का कुणाला. तो दादांकडे बघत होता. आणि तेवढ्यात माझं बोट, सवयीनं, त्या भोकाच्या काठावरून फिरलं.

काठ रेशमासारखा होता.

मी पुन्हा फिरवलं. दोन वळसे आणि शेवटचा उलटा. हे बोट दुसरं काही ओळखायला चुकेल, हे ओळखायला चुकणार नाही.

तोंडातलं सगळं तोंडातच राहिलं. "कधी पाडलं, दादा?"

ते फडक्याची घडी नीट करत होते. "तुझी आई गेली त्या साली," म्हणाले. "तुझ्यामागं तीच दिवा धरायची. शिव्या घालायची, पण धरायची. तिला लय बरोबर कळायचं, कधी भरली ते. मग ती बी गेली."

"मिलिंदला सांगायचं ना."

"तो यायचा. पण त्याला ते ऐकू नाय येत, आतलं. त्याचा काय दोष." मिलिंदनं मान खाली घातली. "मोटर त्यानं आणली. म्हटला, दादा, बंद पडलेलं बघवत नाय तुम्हाला, असं तरी फिरेल. भोक मीच पाडतो म्हटलं. त्याच्या हातनं वाकडं गेलं असतं."

"मला फोनवर सांगायचं."

"काय सांगायचं? तू तिकडं एकटी रडत बसली असतीस. तू विचारायचीस, मी फिरवलं म्हणायचो. खोटं नाय बोललो."

"बुजवू आपण," मी म्हटलं. "झाळ लावून. मी आणते चांदी, आत्ता जाते."

त्यांनी फडक्यावरचे हात उचलून माझ्यासमोर धरले. ते पत्र्यावरच्या पानांसारखे हलत होते. मग त्या हातांनी त्यांनी खोलीकडे दाखवलं, गॅसच्या जागेकडे, पकडींच्या जागेकडे, त्या काळ्या चौकोनाकडे. झाळ लावायची वेळ आली की मला नेहमी मागे सरकायला सांगायचे ते, ठिणगी उडेल म्हणून. तेवढं एक शिकायचं राहिलं माझं.

बाहेर कुणाच्या तरी घरी पाहुणे आले होते, हसण्याचे आवाज येत होते. सांची आतून विचारत होती, "आत्या, झालं का? परत बटन लावू का?" मिलिंद म्हणाला, "थांब गं जरा." मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरायचा त्याच्यावर आता धरता येत नव्हता, आणि ज्याच्यावर धरायला हवा होता तो समोर स्टुलावर बसून माझ्या ओल्या साडीकडे बघत होता.

"भिजलीस," दादा म्हणाले. फडकं त्यांनी माझ्यापुढे केलं.

मी ते घेतलं, पण साडी नाही पुसली. इंजिन पुसलं. बॉयलर, सिलिंडर, चाक, पट्टी, पट्टीवरचं नाव. सोनेरी रंगाखाली पितळ कुठे कुठे अजून होतं. मग फडकं त्याच्यावर घातलं. एवढंसं इंजिन, लेथच्या मापाचं फडकं, तीनदा दुमडावं लागलं. दादा वाकले आणि फडक्याच्या आत बोट घालून त्यांनी चाकाला जरासं ढकललं. ते थोडं फिरलं आणि थांबलं.

स्पिरिटची बाटली तिथंच खिडकीत राहिली, बूच न उघडलेली. मी फडक्याखाली हात घातला, बॉयलरच्या बुडाखाली, आणि भोकाच्या काठावरून पुन्हा एकदा सावकाश बोट फिरवलं. कुठंच लागलं नाही.